नावे अनेक, मालक एक

सप्टेंबर २०२५ मध्ये हर्मन इंटरनॅशनल या अमेरिकन कंपनीने साउंड युनायटेड हा ध्वनियंत्रांचा व्यवसाय ३५ कोटी डॉलरला ताब्यात घेतला. जागतिक भांडवलबाजारात अशा रकमेचे व्यवहार रोज होतात. त्यामुळे ही बातमी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत आली आणि विसरली गेली. पण या व्यवहाराचा अर्थ रकमेवरून कळत नाही; तो नावांच्या यादीवरून कळतो. जेबीएल, हर्मन कार्डन, इन्फिनिटी, एकेजी, मार्क लेव्हिन्सन, रेव्हेल, लेक्सिकन आणि आर्कम ही नावे हर्मनकडे आधीपासूनच होती. त्यांत आता डेनॉन, मॅरँट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स, पोल्क, डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजी, क्लासे आणि बोस्टन अकूस्टिक्स यांची भर पडली. स्वतः हर्मन मात्र २०१७ पासून दक्षिण कोरियाच्या सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या पूर्ण मालकीची आहे. तो व्यवहार सुमारे ८०० कोटी डॉलरचा होता.

दुकानात गेलेला ग्राहक एका फळीवर डेनॉन पाहतो, दुसरीवर मॅरँट्झ आणि तिसरीवर हर्मन कार्डन. विक्रेत्याशी हुज्जत घालून, मित्रांचा सल्ला घेऊन तो त्यांतून एकाची निवड करतो. आपण स्पर्धेतून निवड केली असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात त्याने कोणतेही यंत्र घेतले तरी नफा एकाच तिजोरीत जमा होणार असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. हाय-फाय म्हणजे मूळ ध्वनीशी शक्य तितके इमान राखून संगीत ऐकविणारी महागडी यंत्रे. ही वस्तू चैनीची आहे. ज्या देशात कोट्यवधी माणसांपुढे भाकरीचा प्रश्न आहे, तेथील कार्यकर्त्यांनी लाखमोलाच्या स्पीकरांची मालकी कोणाकडे गेली याची चौकशी का करावी? आक्षेप वरवर योग्य दिसतो. परंतु पोलाद, तेल किंवा रसायने यांसारख्या उद्योगांत मालकीचे केंद्रीकरण फार पूर्वी पुरे झाले आणि आज त्याचे टप्पे वेगळे करून दाखविणे कठीण झाले आहे. ध्वनियंत्रांचा उद्योग लहान आणि तरुण आहे. त्यातील बहुतेक कंपन्या दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे एकेका कारागीर-तंत्रज्ञाने तळघरात किंवा छोट्या कार्यशाळेत सुरू केल्या. कार्यशाळेपासून वित्तभांडवलापर्यंतचा त्यांचा सारा प्रवास सत्तर-ऐंशी वर्षांत आटोपला आहे आणि तो तारीखवार दाखविता येतो. प्रयोगशाळेतील परीक्षानळी लहान असते म्हणून तिच्यातील प्रक्रिया खोटी ठरत नाही.

एकट्या मॅरँट्झ या नावाचाच प्रवास पाहावा. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमध्ये सॉल मॅरँट्झ या संगीतप्रेमी माणसाने आपल्या नावाने अॅम्प्लिफायर बनविण्यास सुरुवात केली. १९६४ साली त्याने कंपनी सुपरस्कोप या कंपनीला विकली. १९८० साली उत्तर अमेरिकेबाहेरील जगापुरते हे नाव हॉलंडच्या फिलिप्सकडे गेले. २००२ साली जपानमध्ये डेनॉन आणि मॅरँट्झ यांना एकत्र करून डी अँड एम ही कंपनी स्थापन झाली. तिच्यामागे रिपलवुड हा अमेरिकन गुंतवणूक निधी होता. २००८ साली ती बेन कॅपिटल या दुसऱ्या निधीने घेतली. २०१७ साली साउंड युनायटेड आले. त्याच्यामागे चार्ल्सबँक हा तिसरा निधी. २०२२ साली मॅसिमो आणि २०२५ साली हर्मन, म्हणजेच सॅमसंग. पहिल्या विक्रीला मालक अभियांत्रिकी जाणणारे होते. पुढे पुढे जे मालक आले, त्यांचा ध्वनीशी संबंध फक्त ताळेबंदापुरता होता.

मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात दोन प्रक्रियांमध्ये फरक केला आहे. एक म्हणजे संचयातून होणारी भांडवलाची वाढ. नफ्यातून नवी यंत्रे घेतली जातात, नवे कारखाने निघतात आणि समाजाची उत्पादनशक्ती वाढते. दुसरी म्हणजे केंद्रीकरण. अस्तित्वात असलेलीच भांडवले एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन एकवटतात. या दुसऱ्या प्रक्रियेत समाजाच्या एकूण उत्पादनसाधनांत एका खिळ्याचीही भर पडावी लागत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मॅरँट्झच्या बाबतीत जे पाच-सहा व्यवहार झाले ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रत्येक व्यवहारात दलाल, वकील आणि गुंतवणूक बँका यांनी आपापले शुल्क घेतले. ते शुल्कही अखेर कोणाच्या तरी श्रमातूनच निघाले.

मॅसिमोचे प्रकरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. ही कॅलिफोर्नियातील कंपनी रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारी उपकरणे बनविते. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर माहीत झाला. त्या तंत्रातील ही एक अग्रगण्य कंपनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने साउंड युनायटेड १०२.५ कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली. वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्यांनी स्पीकर का घ्यावेत, हे भागधारकांना उमगले नाही आणि एका दिवसात कंपनीच्या शेअरची किंमत एक तृतीयांशाहून अधिक कोसळली. पुढे भागधारकांतील एका गुंतवणूक निधीने संचालक मंडळावर चढाई केली. २०२४ साली संस्थापकाला पायउतार व्हावे लागले आणि १०२.५ कोटींना घेतलेला व्यवसाय ३५ कोटींना विकला गेला. तीन वर्षांत किंमत जवळपास एक तृतीयांशावर आली. या तीन वर्षांत डेनॉनचे अभियंते कौशल्य विसरले काय? इंग्लंडमधील वर्दिंग येथे बॉवर्स अँड विल्किन्सचे स्पीकर जोडणाऱ्या कामगारांचे हात एक तृतीयांशाने मंदावले काय? तसे काहीच घडले नाही. कारखान्यात काम चालू होते आणि कारखान्याबाहेर त्याच कामाच्या किमतीवर जुगार चालला होता. जिंकणे-हरणे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांचीच उपजीविका त्या पटावर मांडलेली होती.

गुंतवणूक निधींची कार्यपद्धती कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती आता आपल्याही दाराशी आली आहे. निधी एखादी कंपनी घेतो तेव्हा किमतीचा लहान हिस्सा स्वतःच्या पैशाने भरतो आणि मोठा हिस्सा कर्जाने उभारतो. हे कर्ज खरेदीदाराच्या नावावर राहत नाही. ते विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी बसते. म्हणजे कंपनी स्वतःच्या विक्रीसाठी काढलेले कर्ज स्वतःच्या उत्पन्नातून फेडत बसते. व्याजाचा हप्ता ठरल्या तारखेस द्यावाच लागतो. तेव्हा काटकसर होते ती जेथे तिचा परिणाम उशिरा दिसतो तेथे: संशोधनात, उमेदवारांच्या प्रशिक्षणात, सुट्या भागांच्या साठ्यात आणि वेतनात. चार-सहा वर्षांनी ताळेबंद सुबक दिसू लागला की कंपनी पुढच्या निधीला विकली जाते. हर्मन या कंपनीवरही २००७ साली केकेआर आणि गोल्डमन सॅक्स यांनी सुमारे ८०० कोटी डॉलरचा असा डाव टाकला होता. कर्जबाजार आटू लागताच त्याच वर्षी तो मोडला. हर्मन वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. उसना पैसा महाग झाला म्हणून.

आता नेमके काय विकले जाते, हा मूळ प्रश्न. कारखाना, यंत्रे आणि कच्चा माल यांच्या किमतीहून किती तरी अधिक किंमत अशा व्यवहारांत दिली जाते. या जादा रकमेला हिशेबनीस ‘गुडविल’ म्हणतात आणि ताळेबंदात मत्ता म्हणून मांडतात. हा नावलौकिक कोठून आला? पन्नास-साठ वर्षे कामगारांनी काळजीपूर्वक सांधे डाखले, तंत्रज्ञांनी रात्री जागून दोष शोधले, दुरुस्तीवाल्यांनी जुनी यंत्रे पुन्हा चालू केली, आणि त्यामुळे लोकांचा त्या नावावर विश्वास बसला. हा साचलेला श्रमच आहे. परंतु कायद्याने तो कामगाराच्या नावावर जमा होत नाही. तो बोधचिन्हाच्या रूपाने मालकाच्या खाती जातो. बोधचिन्ह खिशात घालून कोणत्याही देशात नेता येते. कामगाराला आपले घर, मुलांची शाळा आणि म्हातारे आईबाप खिशात घालून नेता येत नाहीत.

व्हिएन्ना शहरात हे उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळाले. १९४७ साली तेथे स्थापन झालेल्या एकेजी कंपनीचे मायक्रोफोन जगभरच्या ध्वनिमुद्रणालयांत आणि आकाशवाणी केंद्रांत वापरले गेले. नव्वदीच्या दशकात ती हर्मनकडे आली. २०१६ साली हर्मनने व्हिएन्नातील काम बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ साली ते बंद झाले. निर्णय सॅमसंगच्या ताब्याआधीचा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्याच २०१७ साली सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी एस-८ या फोनबरोबर जे इयरफोन दिले त्यांवर एकेजीचे नाव झळकत होते. ज्या शहराने ते नाव घडविले तेथे कामाला कुलूप लागले आणि नाव मात्र लक्षावधी खोक्यांतून जगभर गेले. नाव आणि काम यांची इतकी स्वच्छ फारकत क्वचितच पाहावयास मिळते. तेथील काही तंत्रज्ञांनी हातपाय न गाळता त्याच वर्षी ‘ऑस्ट्रियन ऑडिओ’ ही नवी कंपनी काढली आणि मायक्रोफोन बनविणे चालू ठेवले. म्हणजे कौशल्य कोणाजवळ होते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मात्र स्वतःच्याच श्रमाने मोठे केलेले नाव वापरण्याचा हक्क त्यांना नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. जपानची सान्सुई कंपनी एके काळी उत्कृष्ट अॅम्प्लिफायरसाठी प्रसिद्ध होती. १९८९ साली तिचा बहुसंख्य हिस्सा ब्रिटनमधील पॉली पेक या समूहाने घेतला. याच समूहाने त्याच वर्षी डेल मॉन्टेचा ताज्या फळांचा व्यापारही घेतला होता. वर्षभरात, १९९० साली, पॉली पेक कोसळला. त्याचा प्रमुख आसिल नादिर १९९३ साली उत्तर सायप्रसला पळाला आणि पुढे २०१२ साली कंपनीच्या पैशाच्या चोरीबद्दल ब्रिटिश न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. जपानमधील मूळ कंपनी कधीच सावरली नाही; २०१४ साली तिचे दिवाळे वाजले. पण सान्सुई हे नाव मेले नाही. भारतात ते औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉन समूहाने अनेक वर्षे दूरचित्रवाणी संचांवर लावले. व्हिडिओकॉनही कर्जाच्या डोंगराखाली २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. समूहातील तेरा कंपन्यांवर ६४ हजार कोटी रुपयांहून अधिक दावे मान्य झाले असताना २०२१ साली वेदांत समूहातील एका कंपनीची २,९६२ कोटींची बोली मंजूर झाली. धनकोंनी शंभरातील सुमारे ९६ रुपयांवर पाणी सोडावे, असा त्याचा अर्थ. खुद्द न्यायाधिकरणाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले आणि जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. या साऱ्या वर्षांत धनकोंच्या समितीत बँका बसत होत्या. ज्यांच्या हाताने संच जोडले गेले त्या कामगारांना त्या समितीत मताचा अधिकार नव्हता. आजही दिवाळखोरी संहितेत तो नाही.

केंद्रीकरणाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लहान कंपनीला आज मायक्रोचिप, सॉफ्टवेअर आणि बिनतारी जोडणी यांच्या संशोधनाचा खर्च झेपत नाही. ओसाकाची ऑन्क्यो ही १९४६ सालची कंपनी याचे उदाहरण आहे. तिचा घरगुती ध्वनियंत्रांचा व्यवसाय घेण्याचा साउंड युनायटेडचा करार २०१९ साली फिसकटला, आणि २०२२ साली ऑन्क्यो दिवाळखोरीत गेली. मोठ्या समूहात गेली असती तर कदाचित टिकली असती. दुसरे असे की, मालक बदलला म्हणजे कारखाना हलतोच असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे मॅकिंटॉशचे अॅम्प्लिफायर पन्नाशीच्या दशकापासून बनत आहेत. १९९० नंतर ही कंपनी जपानच्या क्लॅरियनकडे, मग डी अँड एमकडे, मग इटलीच्या फाइन साउंड्सकडे, मग एका गुंतवणूक निधीकडे आणि २०२४ साली बोसकडे गेली. काम मात्र बिंगहॅम्टनमध्येच राहिले. आणि साध्या माणसाला आज थोड्या पैशांत जो स्वच्छ आवाज मिळतो तो मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळेच मिळतो, हेही खरे आहे.

परंतु या तीनही मुद्द्यांचा नीट विचार केला तर ते केंद्रित मालकीचे समर्थन करीत नाहीत. संशोधनाचा खर्च एकट्याला झेपत नाही यावरून एवढेच निघते की, संशोधन सामूहिक असले पाहिजे. ते खाजगी साम्राज्यातच झाले पाहिजे असे निघत नाही. मॅकिंटॉशचे काम टिकले, कारण त्या यंत्राची किंमतच त्या गावाशी आणि तेथील हातांशी जोडलेली होती. जेथे ती जोड ग्राहकाला दिसत नाही तेथे व्हिएन्ना घडते. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ कारखान्याच्या आकारातून येतात. एका मालकाकडे पंधरा नावे असण्यातून ते येत नाहीत.

सामूहिक संशोधनाचा इतिहास तर याच उद्योगात आहे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बीबीसी या सार्वजनिक संस्थेच्या संशोधन विभागाने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांत वापरण्यासाठी एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर तयार केला. संस्थेने त्याचा आराखडा कुलुपात ठेवला नाही. ठरलेल्या कसोट्या पाळण्याच्या अटीवर तो बनविण्याचे परवाने दिले. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ, केईएफ अशा अनेक छोट्या-मध्यम कंपन्यांनी तो बनविला आणि त्या एका आराखड्यावर वर्षानुवर्षे उपजीविका केली. ज्ञान सार्वजनिक होते म्हणून उत्पादक अनेक राहू शकले. कॅनडात राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने, स्पीकरच्या मोजमापांचा आणि ऐकणाऱ्याच्या पसंतीचा संबंध काय, यावर दीर्घकाळ प्रयोग केले. परिषदेच्या प्रयोगशाळेचा लाभ पीएसबीसारख्या लहान कॅनेडियन कंपन्यांना झाला. १९९१ साली टूल हर्मनमध्ये गेले. त्यांच्या जाण्यात गैर काही नाही. शास्त्रज्ञाला नोकरी बदलण्याचा हक्क आहे. पण करदात्याच्या पैशाने पिकलेल्या ज्ञानाचे पुढचे पीक खाजगी कोठारात जाते, आणि सार्वजनिक संस्थेला त्याचा मोबदला मागण्याचे भानही राहत नाही, ही गोष्ट धोरणकर्त्यांनी विचारात घ्यावयास हवी.

हर्मनच्याच इतिहासात एक प्रकरण असे आहे की जे आज त्या कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही. कंपनीचे संस्थापक सिडनी हर्मन हे विचारी उद्योगपती होते. टेनेसी राज्यातील बोलिव्हर या लहान गावात त्यांचा मोटारींचे आरसे बनविणारा कारखाना होता. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी तेथे युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेचे नेते आयर्व्हिंग ब्लूस्टोन, मनोविश्लेषक मायकेल मॅकोबी आणि हर्मन यांनी मिळून एक प्रयोग केला. सुरक्षितता, न्याय, व्यक्तिविकास आणि लोकशाही ही त्याची चार तत्त्वे होती. कामाची मांडणी कशी असावी हे कामगारांचे गट व्यवस्थापनाबरोबर बसून ठरवीत. ठरलेले काम वेळेआधी पुरे झाले तर उरलेला वेळ कामगाराचा असे. तो घरी जाई किंवा कारखान्यात चालणाऱ्या वर्गांना बसे. अमेरिकेत या प्रयोगाची दीर्घकाळ चर्चा झाली. पुढे १९७७ साली हर्मन अध्यक्ष कार्टर यांच्या शासनात व्यापार खात्याचे उपमंत्री झाले आणि त्यांनी आपली कंपनी बिअॅट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या अवाढव्य समूहाला विकली. १९८० साली त्यांनी ध्वनियंत्रांचे अनेक व्यवसाय परत विकत घेतले. पण १९७७ साली विक्री होताना, लोकशाही हे ज्या प्रयोगाचे तत्त्व होते त्यातील कामगारांची संमती घेण्याचे कायदेशीर बंधन कोणावरही नव्हते. मालकाच्या सद्भावनेवर उभी असलेली लोकशाही मालकाच्या विक्रीखताबरोबर हस्तांतरित होते. बोलिव्हरचा धडा एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

मालकीची निराळी रूपे शक्य आहेत काय? आहेत, त्यांच्या मर्यादांसह पाहिली पाहिजेत. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस हे कलकत्त्याहून परागंदा झालेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र. त्यांनी १९६४ साली काढलेली कंपनी शेअर बाजारात कधीच नेली नाही आणि २०११ साली बहुसंख्य शेअर एमआयटी या शिक्षणसंस्थेला दान केले. लाभांश शिक्षण-संशोधनाकडे जाऊ लागला, ही गोष्ट स्पृहणीय खरी. पण त्या शेअरांना मताधिकार नाही आणि कामगारांना तर व्यवस्थापनात स्थानच नाही. म्हणून २०१५ साली आयर्लंडमधील कॅरिकमॅक्रॉसचा कारखाना बंद होऊन १४० जणांचे काम गेले, तेव्हा दानशूर मालकी त्यांच्या उपयोगी पडली नाही. याउलट ब्रिटनमध्ये हाय-फाय विकणाऱ्या रिचर साउंड्स या दुकानांच्या साखळीचे संस्थापक ज्युलियन रिचर यांनी २०१९ साली ६० टक्के मालकी कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे सोपविली आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येकाला १,००० पौंड दिले. येथे नफ्याचा वाटा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे आला. हे काही समाजपरिवर्तन नव्हे. एका सज्जन मालकाने स्वेच्छेने केलेली व्यवस्था आहे. परंतु कर्मचारी मालक झाले की दुकान बुडते, हा बागुलबुवा मात्र तिने खोटा ठरविला आहे.

आता आपल्याकडील कायद्यांकडे वळू. राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदाने संपत्तीचे व उत्पादनसाधनांचे केंद्रीकरण सर्वसामान्यांच्या अहिताचे होऊ नये, असे राज्याला बजावले आहे. त्यातून १९६९ चा मक्तेदारी प्रतिबंधक कायदा आला. तो नोकरशाहीच्या हाती पडून परवान्यांचे जंजाळ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९१ साली त्यातील विलीनीकरणावरील कलमे काढून टाकली गेली आणि पुढे त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. २०२४ पासून दोन हजार कोटी रुपयांवरील आणि भारतात लक्षणीय व्यवसाय असलेल्या कंपन्यांचे व्यवहार आयोगापुढे आणण्याची तरतूद अमलात आली आहे. पण आयोग प्रश्न विचारतो तो बाजारातील स्पर्धेचा. कामगारांचे काय होणार, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही.

त्याहून मोठी फट कामगार कायद्यात आहे. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झाला तर कामगारांच्या भरपाईची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. परंतु आज कारखाने विकले जात नाहीत. कंपनीचे शेअर विकले जातात. कागदोपत्री कंपनी तीच राहते, केवळ भागधारक बदलतात. म्हणून कायद्याच्या लेखी हस्तांतर झालेलेच नसते. युरोपात १९७७ पासून उद्योग-हस्तांतराच्या वेळी कामगारांना माहिती देण्याचे आणि त्यांच्याशी विचारविनिमय करण्याचे बंधन आहे. तेथेही निव्वळ शेअरविक्री त्यातून निसटते. त्यातच नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या आपल्या संहितेने कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने, भारतीय बँकांना कंपन्यांच्या ताब्यासाठी कर्जे देण्याची मुभा देण्याचे धोरण जाहीर केले आहे. ही दोन्ही पावले एकत्र वाचली पाहिजेत. एकीकडे ठेवीदारांचा पैसा ताबाखोरीला मोकळा होतो आणि दुसरीकडे ताब्यानंतर कुलूप लावणे सोपे होते.

हा प्रश्न दूरचा नाही. हर्मनचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे. सॅमसंगच्या तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर कारखान्यात सप्टेंबर–ऑक्टोबर २०२४ मध्ये कामगारांनी ३७ दिवस संप केला. मुख्य मागणी होती संघटनेच्या मान्यतेची. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या संघटनेची नोंदणी झाली. अब्जावधींचे व्यवहार एका सहीने करणाऱ्या कंपनीला कामगारांनी स्थापन केलेली संघटना स्वीकारणे इतके जड जावे, यातच या केंद्रीकरणाचे खरे स्वरूप दिसते.

मागण्या स्पष्ट आणि थोड्या असाव्यात. शेअरविक्रीने नियंत्रण बदलत असेल तरी ते हस्तांतर मानावे आणि त्यापूर्वी मान्यताप्राप्त संघटनेला ठरावीक मुदतीची सूचना, हिशेबाची माहिती व विचारविनिमयाचा हक्क मिळावा. ताब्यासाठी काढलेले कर्ज ताब्यात आलेल्या कंपनीच्या माथी मारण्यावर कडक मर्यादा असावी. दिवाळखोरीच्या धनको समितीत कामगारांच्या प्रतिनिधीला मत असावे आणि कारखाना चालविण्याची तयारी असलेल्या कामगार सहकारी संस्थेला बोलीत पहिली संधी व बँकेचे साहाय्य मिळावे. नाव विकत घेणाऱ्यावर त्या नावाने विकल्या गेलेल्या वस्तूंच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची जबाबदारी बंधनकारक असावी. सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन बीबीसीने केले तसे खुल्या परवान्याने अनेक उत्पादकांना द्यावे.

यांतील कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. प्रत्येकीला कोठे ना कोठे आधार आहे. पण त्या आपोआप मान्य होणार नाहीत. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांतील प्रत्येक संघटनेने आपल्या कारखान्याचा खरा मालक आज कोण आहे, त्याने कंपनी कोणाच्या पैशाने घेतली आणि त्या कर्जाचा हप्ता कोणाच्या श्रमातून जातो, याची नोंद स्वतःच्या दप्तरी ठेवण्यापासून सुरुवात करावी. विक्रीची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा सौदा झालेला असतो. संघटनेची तयारी त्याआधी झालेली असली पाहिजे.